हॉलमधली ठिपक्यांची बाई

ओला रंग डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळतो. धुळ्यात हायवेलगतच्या त्या लांबट दुकानात मी पाय ठेवला तेव्हा टर्पेंटाइनचा ओळखीचा उग्र दर्प काही आला नाही. ओल्या चुन्यात कोणी ताक सांडावे तसा आंबूस, गार, क्षणभर टिकून विरणारा वास आला. आणि मग पिवळा! कसला पिवळा म्हणाल? हळदीचा नव्हे, झेंडूचा नव्हे. खताच्या कोऱ्या गोणीवर असतो तो, निर्लज्ज आणि निरोगी पिवळा. त्याला खेटून तांबडा, तांबड्याला खेटून निळा, आणि सावली म्हणून कुठे औषधालासुद्धा नाही. सारे रंग भर दुपारी उन्हात उभे केल्यासारखे, एकमेकांत न मिसळता, काळ्या रेघेच्या बांधात अडवलेले. मी शेतकरी माणूस. बांध चोख असला की मला जमीन आवडते. पण हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही, कारण मी तिथे भांडायला गेलो होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती चौथी नव्हे. पुढे जे वाचले ते जळगावजवळच्या आमच्या असोद्याच्या शिवारात, केळीच्या सावलीत बसून, आणि कोणी शिकवले नाही म्हणून ते जरा जास्तच माझे आहे. तेव्हा चित्रातले तुम्हाला काय कळते, असे मला कोणी विचारू नये. आमच्या ओट्यावरच्या भिंतीवर देवाच्या तसबिरी होत्या, वडिलांचा फेट्यातला फोटो होता, एका बियाणे कंपनीचे हिमालयाचे कॅलेंडर होते. भिंतीवर कोणी चढावे याचे काही नियम असतात. देव चढतो, गेलेला माणूस चढतो, कधी न पाहिलेला डोंगर चढतो. रोजची वस्तू मात्र कोनाड्यात असते, फडताळात असते, पायाखाली असते. तिला भिंतीवर कोण नेतो?

माझी नात कल्याणी नेत होती. मुलाने धुळ्यात देवपुराकडे नवे घर बांधले, वास्तुशांत आठवड्यावर आली, आणि हॉलच्या तीन भिंती कल्याणीने आपल्या पगारातून सजवायचे ठरवले. मी आधीच येऊन राहिलो होतो. घर बांधणे ही दुसऱ्या माणसावर सोडून देण्याची गोष्ट नव्हे. तिने मोबाईलवर मला चित्रे दाखवली. एक शीतपेयाची बाटली. एक टेलिफोन. एक केळे. मी म्हणालो, "पोरी, हे तं किराना दुकानाची यादी झाली." ती हसून म्हणाली, "आबा, याला पॉप आर्ट म्हणतात. रोजच्या वस्तूंकडे नीट बघायला लावतं ते." मी म्हणालो, "मी साठ वर्षं केळीकडंच पाहू ऱ्हायलो. मले कोन नीट पाह्यले लावतो?" आणि त्या तिरमिरीतच तिच्या स्कुटीवर मागे बसून दुकानात गेलो.

दुकानाचा मालक बापू पेंटर. पूर्वी तो ट्रकांच्या मागच्या फळ्या रंगवायचा, लग्नसराईत गावोगाव जाऊन दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, कलश आणि नवरानवरीची नावे काढायचा. ट्रकांना स्टिकर आले, लग्नाच्या दारांना छापील फलक आले, आणि हा पठ्ठ्या हात न टेकता मोबाईलवरच्या परदेशी चित्रांच्या हुबेहूब अ‍ॅक्रिलिक नकला करू लागला. पुण्या-नाशकाला जातात म्हणे त्याच्या नकला. त्याच्या हत्तींना जो पिवळा असे तोच इथे बाटलीच्या पाठीमागे पसरलेला मी ओळखला. मनात म्हटले, अरे, ही कला परदेशातून आली असेल तर आमच्या लग्नाच्या भिंती कुठून आल्या होत्या? विहिरीच्या कठड्यावर साबणाची जाहिरात कोणत्या देशातून उतरली होती?

पण मी आधी केळ्याशी भांडलो. मोठ्या पांढऱ्या फलकावर एकच केळे, सुटे, आडवे, अंगावर काळे डाग. "हे कोन्या येड्यानं काढलं? घडातून निखळलेलं, डागी. व्यापारी असा माल गाडीत चढू देत नही." बापू पेंटर ब्रश धुता धुता म्हणाला, "नाना, हे खायचं नाही, पाहायचं केळं आहे." मी म्हणालो, "मंग चांगलं पिकलेलं पाहू ना! डागी कायले पाहू?" कल्याणीने कपाळाला हात लावला आणि केळे यादीतून गेले. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

एका गोष्टीत मात्र मी तिची बाजू घेतली. तिला मनातून थोडा संकोच होता की आपण खरी चित्रे नाही, नकला घेतो आहोत. मैत्रिणी काय म्हणतील? मी तिला म्हटले, केळीला बी नसते, हे विसरलीस का? बुंध्याशी पिल फुटते, ती काढून दुसरीकडे लावायची. तिला पुन्हा पिल. आता तर बाटलीत वाढवलेली रोपे येतात, हजारात हजार सारखी. आपल्या अख्ख्या शिवारातला केळीचा प्रत्येक खांब म्हणजे त्याच्या आईची नक्कलच की! म्हणून कोणी त्या केळ्याला खोटे म्हणाले? ते गोड असते तेवढे पुरे. मूळ कोणते आणि प्रत कोणती, हा प्रश्न ज्यांच्या घरी काही पिकत नाही त्यांना पडतो. ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागली, आणि खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

आणि तेवढ्यात मला ती दिसली.

मागच्या भिंतीला टेकून, अर्धवट झालेला, पुरुषभर उंचीचा एक बाईचा चेहरा होता. केस पिवळे, ओठ तांबडे, एका डोळ्यात टपोरे टिपूस. आणि त्या सबंध चेहऱ्यावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, ठिपके! गव्हातले खडे काढायच्या चाळणीचा जुना पत्रा फलकावर धरून बापू पेंटर स्पंजाने रंग टेकवत होता. पत्रा उचलला की गालावर ठिपक्यांचा आणखी एक तुकडा उमटलेला. कल्याणीने सांगितले की छापखान्यातले चित्र भिंगाखाली असेच ठिपक्याठिपक्यांचे दिसते, त्याची ही गंमत आहे. असेल. शिकलेल्या माणसाला छापखाना दिसतो. मला देवीचे वण दिसले. मला आमच्या घरातली दिसली.

माझ्या बायकोला गावात सगळे अक्का म्हणतात. ती धुळ्याकडची; असोद्यात येऊन पन्नासांवर वर्षे झाली, पण तिने आपली अहिराणी सोडली नाही, अजून तिचे प्रत्येक वाक्य 'शे'वरच, म्हणजे आपल्या 'आहे'वरच, संपते. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. त्या काळात देवी आलेले पोर वाचले की आईबाप चेहऱ्याकडे पाहत नसत, श्वासाकडे पाहत. लग्न ठरवताना माझ्या घरच्यांनी कुरकुर केली, तेव्हा हटून बसलो तो मीच. हे मी आयुष्यभर अभिमानाने सांगत आलो. जे सांगितले नाही ते आज तुम्हाला सांगतो.

लग्नानंतर महिन्याभराने आम्ही जळगावला एका स्टुडिओत फोटो काढला. ती आत पदर सावरत असताना फोटोवाला हलक्या आवाजात मला म्हणाला, "डाग काढून टाकू का?" आणि मी मान हलवली. फक्त मान! हटून बसलेला तो नवरा तेव्हा कुठे गेला होता कोण जाणे. फोटो आला तेव्हा माझ्या शेजारी एक गुळगुळीत, साखरेच्या बाहुलीसारखी बाई बसली होती. हिने तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "हाई कोन शे? इनासंगे लगीन करं का तुमीन?" मी म्हणालो, त्या फोटोवाल्याने आपल्या मनानेच केले. त्यानंतर ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. पोरांच्या लग्नात नाही, नातवंडांच्या बारशात नाही. सरकारी कार्डासाठी बसावे लागले तेवढेच, आणि ते कार्डही डब्यात पालथे असते. घरातल्या साऱ्या फोटोंत आम्ही सगळे आहोत आणि ती जिथे असायला हवी तिथे कोणाचा तरी खांदा आहे. एवढीशी मान हलते, आणि एक माणूस अर्धशतकभर भिंतीवरून नाहीसे होते!

त्या अर्ध्या चेहऱ्यापुढे मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. जो चेहरा मी पुसू दिला, तसला चेहरा लोक पैसे मोजून हॉलमध्ये लावतात? ठिपक्यांसह? बापू पेंटरला वाटले म्हाताऱ्याला ठिपके खटकताहेत. तो समजुतीने म्हणाला, "नाना, तुमच्यासाठी ठिपके विरळ करू का? चेहरा साफ दिसेल."

"एक बी कमी करू नको!" मी एवढ्यांदा बोललो की कल्याणी दचकली. "हेच चित्र घ्यायचं. समोरच्या भिंतीले."

तिला आनंद झाला, आबांना पॉप आर्ट कळले म्हणून. कारण मी सांगितले नाही. पण तिथेच थांबलो असतो तर तो मी कसला? मी म्हणालो, "डोळ्यातलं टिपूस पुस. नव्या घरात रडनारी बाई नको. केस काळे कर. अन कपाळाले कुंकू लाव, चांगलं रुपयाएवढं."

"नाना, कॉपी म्हणजे कॉपी. मूळ चित्रात कुंकू नाही."

"मूळ चित्रातली बाई तिच्या घरी. हे आमच्या घरी येऊ ऱ्हायली."

"आबा, ती परदेशी आहे हो!"

"मंग काय झालं? वास्तुशांतीले दारात आलेल्या बाईले आपन बिनाकुंकवाची ठेवतो का?"

आता तुम्हीच सांगा, यात माझे काय चुकले? नव्या घरात पाहुण्या आलेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावायचे ही आमची रीत. भिंतीवरून आली म्हणून ती पाहुणी नव्हे का? बापू पेंटरने कल्याणीकडे पाहिले, कल्याणीने आढ्याकडे पाहिले, आणि कुंकू लागले. चित्र घरी आले तेव्हा खिळा मीच ठोकला. दारातून आत येणाऱ्याला पहिली तीच दिसेल अशा बेताने. हॉल कसा उजळून निघाला! बाटली, टेलिफोन आणि मधोमध ती. मला वाटले, अक्का येईल, पाहील, आणि न बोलता सारे समजेल. काय हा पुरुषांचा भाबडेपणा! आपण न बोललेले दुसऱ्याने ऐकावे, हा हट्ट आपण जन्मभर धरतो आणि त्याला प्रेम म्हणतो.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ती माझ्या धाकट्या बहिणीबरोबर, शांताबरोबर, असोद्याहून जीपने आली. मांडे, म्हणजे आमच्या खानदेशी पुरणपोळ्या, भाजायची मातीची खापरे तिच्या मांडीवर. मागून सात-आठ पाहुणे. शांता आधी आत शिरली आणि टाळी वाजवून ओरडली, "अवो माय! हे तं आपली वहिनीच! दादा, ठिपक्यासगट काढली की तुमी!"

सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. शांतालाही तोंडाआधी विचार करायची सवय नाही एवढेच. पण हसले. मी अक्काकडे पाहिले. ती चित्राकडे पाहत होती. काळे केस, रुपयाएवढे कुंकू, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत ठिपके. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, खापरे उचलली आणि तोंड फिरवून परसात गेली.

मग ती हॉलमध्ये आलीच नाही. जेवण परसात, चहा परसात. पाहुण्यांना पाणी द्यायला सून. संध्याकाळी उन्हे कलता कलता तिने चूल मांडली, खापर तापत ठेवले आणि उद्याच्या मांड्यांचा सराव म्हणून दोन-चार टाकायला घेतले. मी जवळ जाऊन पाटावर बसलो. तुम्ही मांडे होताना पाहिले आहेत का? पुरणाचा उंडा हातावर घेऊन ती तो दोन्ही मनगटांवर झुलवते, फिरवते, आणि बघता बघता तो कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ की पलीकडची चूल दिसावी. फाटत नाही. मला वाटले, या बाईने मलाही असेच ताणून सांभाळले आहे.

ती खापराकडे पाहत म्हणाली, "बठ्ठा पाव्हनासमोर मन्हं हसू करं तुमीन."

मी म्हणालो, "हसायले नही लावलं ते."

"मंग कसाले?"

आता बोलणे भाग होते. उद्या पूजेला ती माझ्या शेजारी बसेल, नेसेल, हसेलही. पण हे आज राहिले असते तर कायमचेच राहिले असते. आमच्या वयात पुढच्या वर्षावर काही टाकता येत नाही. मी मातीत काडीने रेघा मारीत म्हणालो, "त्या फोटोवाल्यानं आपल्या मनानं नव्हतं केलं. त्यानं विचारलं व्हतं. मी हो म्हटलं."

मांडा खापरावर पडला. तिने कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, "माले तवयपासून म्हाईत शे."

तेव्हापासून! म्हणजे पन्नास वर्षे मी जे लपवत होतो ते तिने माझ्यासमोर, माझ्यासाठी, झाकून ठेवले होते. मी एवढेच म्हणू शकलो, "या पेंटरनं बी विचारलं, विरळ करू का म्हनून. मी त्याले सांगितलं, एक बी कमी करू नको."

तिने मांडा घडी करून परातीत ठेवला. हात धुतले, पदराला पुसले, आणि उठून चालू लागली. परसातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून थेट हॉलमध्ये. पाहुणे बाहेर ओट्यावर होते. ती चित्रासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, भाजीवालीच्या पाटीपुढे उभी राहते तशी. मी दाराशी. मग निकाल आला.

"देवीनी मन्हा तोंडवर आसा लाईनमा ठिपका नही ठेवात."

मी म्हणालो, "चाळणीनं काढले त्यानं."

"चाळनी!" ती म्हणाली. "आनी नाक? मन्हं नाक इनापेक्षा बेस शे." आणि मग, जरा थांबून, "कोठे शे तो पेंटर?"

वास्तुशांत थाटात झाली. तिने सगळ्यांना वाढले, शांताला दोन मांडे जास्त वाढले आणि म्हणाली, तोंड भरेल ऱ्हायनं म्हंजे बरं. तिसऱ्या दिवशी चित्र मालरिक्षात आडवे घालून आम्ही दोघे बापू पेंटरकडे गेलो. तो हात जोडू लागला, नाना, आता आणखी काय? अक्का उजेडातल्या स्टुलावर जाऊन बसली. पदर मागे सारला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती कोणापुढे अशी बसली होती, पाहा म्हणून. बापू पेंटर जुना कारागीर. त्याला एका नजरेत उमगले. त्याने चाळणीचा पत्रा बाजूला ठेवला, फलकावरचे गाल अंगाच्या रंगाने सपाट करून घेतले, बारीक ब्रश उचलला, आणि एकदा तिच्याकडे, एकदा फलकाकडे पाहत एकेक ठिपका हाताने ठेवू लागला. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे दोन एकमेकांत गेलेले. तो रंग लवकर सुकतो; एकेक ठिपका ठेवला की तो तसाच राहतो, परत हलवता येत नाही. बाहेर ट्रक जात होते.

माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. माझ्या घरची बाई अशी बसली आहे आणि कारागीर तिला पाहून काढतो आहे!

"नाना, जरा उजेड सोडा," पेंटर म्हणाला. मी माझी खुर्ची मागे सरकवली. त्याने मान वाकडी करून तिच्या डाव्या बाजूला पाहिले आणि कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कडेला, एक लांबट खोल ठिपका ठेवला, तुरीच्या डाळीएवढा.

मी म्हणालो, "तिथं नही. तिथं तिले काही नही."

पेंटरने ब्रश थांबवला आणि अक्काकडे पाहिले. ती मान न हलवता म्हणाली, "शे."

मी पुढे वाकून पाहिले. होता.

"हा कधी झाला?"

"पयलापासून शे," ती म्हणाली. "तुमीन ह्या बाजूले कधय बठनात?"

मी माझी खुर्ची उचलली आणि त्या बाजूला नेऊन ठेवली.